बर्फावरची बारीक रेघ : अल्पाइन स्नोबोर्ड आणि त्याची वेडी माणसं



हिवाळी ऑलिंपिकमधला एक छोटा व्हिडिओ मी चौथीच्या वर्गात दाखवला होता. दोन खेळाडू शेजारी शेजारी, प्रत्येकाचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, आणि बर्फाच्या उतारावरून नागमोडी वळणं घेत दोघं खाली येतात. वळणावर इतके झुकतात की हात बर्फाला टेकतो. व्हिडिओ संपला आणि मागून प्रश्न आला, "बाई, तो पडत कसा नाही?" मी "सरावाने" असं सांगून वेळ मारून नेली. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की उरलेलं उत्तर त्याच्या पायाखालच्या साहित्यात आहे. आणि हे साहित्य आज मिळतं ते मोठ्या कंपन्यांमुळे नाही, तर थोड्याशा हौशी माणसांच्या चिकाटीमुळे.

आपल्या बहुतेक मुलांनी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर. म्हणून थोडं मुळापासून सांगते.

१९६५ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. तिला नाव पडलं स्नर्फर. पुढे १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हर्मॉन्टमध्ये अशा फळ्यांचा कारखाना काढला. १९९८ च्या जपानमधल्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा आला. आज आपण स्नोबोर्ड म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतात त्या उड्या, गिरक्या, मऊ बूट आणि ढगळ कपडे. ती या खेळाची मोठी फांदी. दुसरी फांदी बारीक आहे. तिला अल्पाइन स्नोबोर्डिंग म्हणतात. तिथे उड्या नाहीत. तिथे सगळा जीव एकाच गोष्टीत, वळण कोरण्यात. इंग्रजीतला 'कार्व्हिंग' हा शब्द म्हणजे आपलं 'कोरणं'च.

आता कोरणं म्हणजे काय ते बघा. सायकल चालवणारी मुलं दोन प्रकारे वळतात. एक, ब्रेक दाबून मागचं चाक फर्रकन घसरवायचं. धूळ उडते, मजा येते, पण वेग जातो आणि मातीवर रुंद फराटा उरतो. दुसरा प्रकार, ब्रेक न लावता अंग आत झुकवायचं आणि चाकाला आपल्या वाटेनं वळू द्यायचं. मागे टायरची एकच स्वच्छ रेघ. बर्फावरही असंच आहे. साधा स्नोबोर्डवाला बरेचदा फळी आडवी करून घसरत वळतो. कोरणारा मात्र फळीची पोलादी धार बर्फात रोवतो, आणि फळीचं शेपूट बरोबर तिच्या नाकाच्या वाटेवरूनच जातं. मागे सुरीनं ओढल्यासारखी बारीक रेघ उमटते. या मंडळींचा मोठेपणा वेगावरून ठरत नाही. ते लिफ्टमधून खाली बघतात आणि रेघ बघतात.

रेघ वळते कशी? फळी वरून पाहिली तर मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते, डमरू लांब ओढल्यासारखी. बाजूची ही आतली वक्र रेषा वाढवत नेली तर एक मोठं वर्तुळ होईल. त्या वर्तुळाची त्रिज्या हा या फळीचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. हौशी लोकांच्या फळ्यांवर तो साधारण १० ते १४ मीटर असतो, मोठ्या वळणांच्या शर्यतीच्या फळ्यांवर त्याहून बराच जास्त. पण खरी गंमत झुकवल्यावर होते. फळी तिरपी करून दाबली की मधला बारीक भागही बर्फाला टेकायला खाली जातो, फळी धनुष्यासारखी वाकते आणि वळण आणखी घट्ट होतं. बर्फापासून ६० अंशांत उचललेली फळी आपल्या आकड्याच्या निम्म्या त्रिज्येत वळते. म्हणजे १२ मीटरची फळी ६ मीटरच्या वर्तुळात.

हे सांगून पटत नाही, करून पटतं. वहीच्या कव्हरासारखा वाकणारा पातळ पुठ्ठा घ्या, ३० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद. दोन्ही लांब बाजू मध्यभागी दीड-दीड सेंमी आत जातील अशा गोलाईने कापा. आता तो टेबलावर एका कडेवर तिरपा धरा आणि मध्ये बोटाने दाबा, पूर्ण कड टेबलाला टेकली पाहिजे. पुठ्ठा आपोआप वाकेल. कडेला लागून पेन्सिलने रेघ मारा. मग पुठ्ठा आणखी उभा करून दुसरी रेघ मारा. दुसरी रेघ जास्त वळलेली दिसेल. माझ्या वर्गात दोन पुठ्ठे फाटले, तिसऱ्यावर जमलं. (जाड खोक्याचा पुठ्ठा घेऊ नका, तो वाकत नाही, मोडतो.)

आता बुटांकडे येऊ. ताशी ४० किमी वेगाने १० मीटर त्रिज्येचं वळण घेताना, उताराचा भाग बाजूला ठेवून हिशेब केला तरी, शरीर ५० अंशांहून जास्त झुकावं लागतं आणि ६० किलोच्या माणसाच्या पायांवर साधारण ९५ किलोंचा भार येतो. घाटातल्या वळणावर दुचाकी का झुकवतात हे ज्याला माहीत आहे त्याला यातलं अर्धं आधीच माहीत आहे. हा भार घोट्यातून फळीच्या धारेपर्यंत पोचवायचा तर मऊ बूट दुमडतात. म्हणून अल्पाइनवाले स्कीच्या बुटांसारखे टणक प्लॅस्टिकचे बूट घालतात आणि ते फळीवर धातूच्या पट्ट्यांनी टाचेकडून आणि बोटांकडून पक्के अडकवतात. यावरूनच या मंडळींचं नाव पडलंय 'हार्डबूटर'.

मग पाय फळीवर आडवे का नसतात? साध्या स्नोबोर्डवर माणूस जवळजवळ आडवा उभा असतो. अल्पाइन फळी मध्ये साधारण १८ ते २२ सेंमीच रुंद असते, कारण अरुंद फळी एका धारेवरून दुसऱ्या धारेवर पटकन उलटते. आता २७ सेंमीचा पाय तिच्यावर आडवा ठेवला तर बोटं आणि टाच बाहेर येतील. फळी तिरपी केली की बूट आधी बर्फाला घासेल, धार उचलली जाईल आणि माणूस आपटेल. म्हणून पाय ५० ते ६५ अंश पुढे वळवून बांधतात. माणूस मग जवळजवळ समोर तोंड करून उभा राहतो. कोन आणि रुंदी यांचं हे गणित चुकलं तर शिक्षा थेट गुडघ्याला किंवा मनगटाला होते. पुढच्या पायाच्या बोटांखाली आणि मागच्या पायाच्या टाचेखाली पाचरी घालतात, त्याही याच हिशेबातल्या. गुडघे नैसर्गिक जागी यावेत एवढाच त्यांचा उद्देश.

बुटाचं माप सांगायची पद्धत मला फार आवडली. स्की आणि स्नोबोर्डच्या बुटांचं माप थेट पायाच्या लांबीत, सेंटिमीटरमध्ये असतं. आठ नंबर, नऊ नंबर असला गोंधळ नाही. भिंतीला टाच टेकवा, पट्टीने मोजा, तोच तुमचा नंबर. तिसरी-चौथीच्या मापनाच्या पाठाला याहून सोपं उदाहरण कुठलं? आम्ही सगळ्या वर्गाचे पाय मोजले आणि निम्म्या मुलांना आपला डावा-उजवा पाय सारखा नाही हे पहिल्यांदा कळलं. टणक बुटात हा फरक झोंबतो, म्हणून हौशी लोक आतलं अस्तर गरम करून आपल्या पायाच्या आकाराचं करून घेतात.

फळीच्या पोटातही बरंच काही आहे. लाकडी गाभा, त्यावर काचतंतूंचे थर, आणि चांगल्या फळ्यांत टायटनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा. हा पत्रा थरथर शोषतो. कडक बर्फावर वेगात फळी थरथरली की धार सुटते, पत्र्यामुळे ती बर्फाला चिकटून राहते. स्वित्झर्लंडच्या केसलर फळ्यांनी आणखी एक गोष्ट केली. बाजूची वक्ररेषा एकाच वर्तुळाची न ठेवता क्रमाक्रमाने बदलणारी ठेवली. रेल्वेचा रूळ सरळ वाटेवरून एकदम वळणात शिरत नाही, आधी हलकं, मग घट्ट असं वळण घेतो, नाहीतर डब्यातल्या लोकांना हिसका बसेल. तेच तत्त्व. रूळ टाकणाऱ्यांचं गणित बर्फावरच्या फळीत यावं, याचं मला फार कौतुक वाटलं.

इथवर साहित्याचं झालं. पण मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती पुढे आहे.

१९८० आणि ९० च्या दशकांत, विशेषतः युरोपात, टणक बूट घालणारे पुष्कळ होते. मग उड्यांचा आणि मऊ बुटांचा जमाना आला. मोठ्या कंपन्यांनी एकेक करून अल्पाइन फळ्या बंद केल्या. ज्याचा खप कमी ते दुकानात राहत नाही, हे आपल्याला नवीन नाही. आज अमेरिकेत, युरोपात कितीतरी मोठ्या बर्फाच्या केंद्रांवर भाड्यानं हे साहित्य मिळत नाही, शिकवणारा मिळणंही कठीण. शर्यतीही आकसल्या. समांतर स्लालम हा छोट्या वळणांचा प्रकार ऑलिंपिकमध्ये फक्त एकदा, २०१४ ला सोचीमध्ये झाला आणि पुन्हा आला नाही. उरला तो समांतर जायंट स्लालम. त्यातलीच चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेका. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये तिनं आधी स्कीमधली सुपर-जी शर्यत एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं जिंकली आणि आठवड्याभरात स्नोबोर्डचं सुवर्णही घेतलं. स्कीची शर्यत संपल्यावर ती फलकाकडे बघतच राहिली, तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. तो व्हिडिओ मुलांना जरूर दाखवा.

पण ऑलिंपिकला जाणारे थोडे. बाकीच्यांना फळ्या कोण देतं? छोटे कारागीर. ऑस्ट्रियाच्या झिगी ग्राबनरनं २००६ ला तुरीनमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि एसजी या फळ्या त्याच्याच. अमेरिकेत कोलोरॅडोत डोनेक आहे. कॅनडाची कॉइलर तर अगदी घरगुती कामासारखी. तिथे फळी मागवायची म्हणजे शिंप्याकडे माप देण्यासारखं आहे. वजन किती, पाय किती लांब, कुठल्या उतारावर चालवणार, कडक बर्फ की मऊ, असं सगळं विचारतात आणि मग थांबायचं. जपानमध्ये या खेळाला वेगळंच प्रेम मिळालं. तिथे फळ्या बनवणाऱ्यांत योनेक्सही आहे. हो, तीच बॅडमिंटनच्या रॅकेटची योनेक्स! हे सांगितल्यावर वर्गात जो आनंद झाला तो मला विसरता येत नाही. इतका वेळ परका वाटणारा खेळ एकदम दप्तराशेजारी येऊन बसला.

आणि हौशी माणसं? ती पहाटे उठतात. रात्री यंत्र फिरवून उतारावरचा बर्फ विंचरलेला असतो, बारीक सरी पाडलेल्या असतात. गर्दीनं त्या सरी मोडायच्या आत दोन तास फळी चालवायची आणि दुपारी घरी. कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला वर्षानुवर्षं हिवाळ्यात ही मंडळी लांबून लांबून जमली. तिथे एकमेकांच्या फळ्या चालवून बघायच्या, पाचर बदलून द्यायची, कोन मोजून द्यायचा. स्वित्झर्लंडच्या झिनाल गावाकडून तर एक वेगळीच शैली निघाली. वळणावर अख्खं अंग बर्फावर जवळजवळ आडवं करायचं, छाती घासेल इतकं. पाहताना पोटात गोळा येतो.

मला या लोकांचं एक वागणं शिक्षक म्हणून महत्त्वाचं वाटतं. नवा माणूस आला की ते त्याला आधी वेगाची फळी देत नाहीत. बसका उतार, जरा मऊ आणि कमी त्रिज्येची फळी, आणि एकच काम, दोन्ही बाजूंना एकेक स्वच्छ रेघ. घसरणं थांबलं का हे त्यानं स्वतः मागे वळून रेघ बघून ठरवायचं. शेजारी उभं राहून बरोबर-चूक ओरडावं लागत नाही. वहीवर लाल पेन चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे एकदा बघावं असं मला वाटलं.

दुसरं म्हणजे ते नव्या माणसाला स्वस्ताईपासून वाचवतात. जुने टणक बूट कवडीमोलानं मिळतात आणि वरून नव्यासारखे दिसतात. पण प्लॅस्टिक वर्षांनुवर्षं पडून राहिलं की ठिसूळ होतं. आपल्या जुन्या बादलीची कडी कशी अचानक हातात येते, तसंच. फरक एवढाच की इथे बूट फुटतो तो वळणाच्या ऐन मध्यात, पाय फळीला बांधलेला असताना. पैसे वाचले म्हणून खूश झालेल्या माणसाला तोंडावर "हे घालू नकोस" सांगणं सोपं नसतं, पण हे लोक सांगतात.

फळ्या मात्र जुन्या चालतात, आणि हातोहात फिरतात. एकाचं वजन वाढलं, एकाचे गुडघे गेले, की त्याची फळी दुसऱ्याकडे जाते. विकणारा किंमत लगेच सांगत नाही. आधी विचारतो, वजन किती, पाय किती सेंमी, आणि सध्या रेघ कशी पडते.