घरचं गाणं, घरभर

सरावलीसारख्या गावातल्या घरात ओसरीवर अभंग आणि माजघरात नाट्यगीत, दोन्ही एकाच संग्रहातून आणि तेही इंटरनेटशिवाय, ऐकता येतात. अनेकांना हे खरं वाटत नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याला जोडलेली हार्डडिस्क आणि वायफाय राउटर एवढं सामान पुरतं. संगणकावर नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की मोबाइल आणि टीव्ही गाणी तिथूनच मागवतात. गाण्यांचा हा प्रवास राउटरपुरताच असतो. बाहेरची जोडणी बंद पडली तरी गाणं थांबत नाही. वीज गेली तर मात्र थांबतं, म्हणून राउटर आणि संगणकाला छोटा इन्व्हर्टर हवाच.

जागेची चिंता नको. सीडीवरचं गाणं मिनिटाला सुमारे 10 एमबी घेतं. 2001 मध्ये आलेलं फ्लॅक स्वरूप आवाजातलं काहीही न गमावता ते साधारण निम्म्यावर आणतं. म्हणजे 1 टीबीच्या डिस्कवर सुमारे 3,000 तास!

खरी मेहनत प्रत्येक गाण्याच्या माहितीत नावं नीट लिहिण्याची. एकीकडे ‘लता’, दुसरीकडे ‘लता मंगेशकर’ लिहिलं की यंत्राला त्या दोन गायिका वाटतात. संगीतकाराचा रकाना तर बहुतेकांकडे रिकामाच असतो, आणि मराठी रसिकाला शोभणारी ही गोष्ट नव्हे.

नावांइतकीच काळजी प्रतींची घ्या. गावात लग्नाला वाजलेला तारपा तुम्ही मोबाइलवर टिपला असेल, तर तो कुठल्याच अ‍ॅपवर मिळणार नाही. त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आजच काढा.