घटस्फोटाच्या निकालाची नक्कल कशी मिळवाल?

तेरखेड्यासारख्या गावात घटस्फोटित बहीण संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला गेली की एका कागदावर अडते. तो कागद म्हणजे न्यायालयाच्या निकालाची प्रत. बाँडवर लिहिलेली फारकत म्हणजे निकाल नव्हे.

आधी प्रकरण शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, धाराशिव जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराचं नाव व वर्ष टाका. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावांनी पाहा. प्रकरण क्रमांक लिहून घ्या. पोटगीचा आदेश दुसऱ्या न्यायालयाचा असू शकतो. जुनं प्रकरण दिसलं नाही, तर न्यायालयातच चौकशी करा.

मग ज्या न्यायालयाने निकाल दिला, तिथल्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. त्रयस्थाला कारण द्यावं लागतं. म्हणून कार्यकर्त्याने सोबत जावं, पण अर्ज बहिणीच्याच नावाने, तिच्या सहीने करावा.

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना मोफत द्यायची असते. ती हरवली, तर पुढच्या प्रतीला शुल्क पडतं. काही अडलं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे मोफत मदत मिळते.

हिंदू कोड बिल रखडलं, हे १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्याचं एक मोठं कारण होतं. त्या हक्काचा कागद बहिणीच्या हाती पडेपर्यंत तिच्यासोबत राहू या.

जय भीम!