रेंज नसली तरी बोलणारा वाटाड्या

मी जऊळक्याचा. आमच्याकडे काटेपूर्णा अभयारण्यात गेलं की गाईड दादा चौसिंगा दाखवतात, झाडं ओळखायला शिकवतात. गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत गेलो, तेव्हा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्वतःच्या गाडीने फिरलो. 1872 साली स्थापन झालेलं हे उद्यान.

गाडीत गाईड नव्हता, मोबाईलवरची ऑडिओ टूर होती. वळण आलं की आवाज आपोआप सुरू व्हायचा, ‘पुढे उजवीकडे गरम पाण्याचे झरे आहेत.’

हे चालतं कसं?

📍 फोनमधलं जीपीएस थेट उपग्रहांचे सिग्नल घेतं. त्याला मोबाईलची रेंज लागत नाही.

📍 ठरलेल्या ठिकाणी गाडी पोहोचली की त्या जागेचं निवेदन वाजतं.

📍 मात्र नकाशा आणि आवाज घरूनच डाउनलोड करून न्यायचा, कारण जंगलात बहुतेक ठिकाणी नेट नसतं.

यलोस्टोनमधल्या मुख्य रस्त्याचा वळसा सुमारे 228 किलोमीटरचा. एका दिवसात उरकू नका, दोन दिवस द्या. चार्जिंगची केबल जवळ ठेवा. ऐकण्याच्या नादात रस्त्यावरून नजर हटू देऊ नका. बायसनपासून किमान 23 मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून 91 मीटर अंतर ठेवायचं, हा तिथला नियम.

आपल्या व्याघ्रप्रकल्पांच्या सफारीत मात्र गाईड सोबत असतो, आणि ते योग्यच आहे. पाऊलखुणा वाचणारी स्थानिक नजर कुठल्याही ॲपमध्ये नाही.

पण जंगलाकडे नेणाऱ्या आपल्या रस्त्यांसाठी अशी मराठी ऑडिओ टूर नक्की व्हायला हवी. कुणाला त्यात रस असेल किंवा काही विचारायचं असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा.