प्रबंध अडतो कुठे?

परीक्षेची भीती, मुलांमधील नैराश्य अशा विषयांवर पीएच.डी. करणारे संशोधक अधूनमधून शाळेत येतात. प्रश्नावल्यांचा गठ्ठा, मुख्याध्यापकांच्या नावे पत्र आणि ‘नववीचे दोन तास मिळतील का?’ अशी विनंती. तीन वर्षांनी चौकशी केली तर बहुधा कळते की प्रबंध अजून व्हायचाच आहे. लिहायचा कंटाळा केला असेल, असे आपण म्हणतो. पण चिकित्सालयीन मानसशास्त्रातला, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीतला प्रबंध बहुतेक वेळा लेखनाच्या खूप आधी अडतो. तो कुठे अडतो हे पाहिले, तर शाळेत येणाऱ्या संशोधकाला काय विचारावे, हेही कळते.

पहिली अडचण मोजण्याची. ताप थर्मामीटरने मोजता येतो. भीती कशाने मोजायची? त्यासाठी विधानांची मापनश्रेणी वापरतात. चार्ल्स स्पीलबर्गर यांच्या परीक्षा-चिंता श्रेणीत २० विधाने आहेत. प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण २० ते ८०. ही श्रेणी मराठी मुलांना द्यायची तर भाषांतर आलेच. इंग्रजीत उदास माणसाला ‘निळे’ वाटते. मराठीत तसे लिहिले तर वर्ग हसेल. उलट ‘पोटात गोळा येतो’ हे आपल्या मुलांना लगेच समजते, पण ते मूळ श्रेणीत नसते. म्हणून एकाने मराठी करायचे, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचे पुन्हा इंग्रजी करायचे आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायचे. मग थोड्या मुलांवर चाचणी, काही आठवड्यांनी त्याच मुलांवर पुन्हा तीच चाचणी. दोन्ही वेळचे गुण जुळले नाहीत तर पहिल्यापासून सुरुवात. यात वर्ष जाणे अगदी साधी गोष्ट आहे. हे काम आपल्याकडे नवे नाही. बुद्धिमापनाची बिने श्रेणी मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बेतून व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्येच त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

आता समजा श्रेणी तयार झाली. सर्वांत जास्त गुण मिळालेली, म्हणजे सर्वांत घाबरलेली ३० मुले निवडली, त्यांना आठ आठवडे शिथिलीकरण शिकवले आणि नंतर त्यांची भीती कमी भरली. शिथिलीकरणाचा उपयोग झाला का?

तसे म्हणता येणार नाही. त्या ३० जणांपैकी काहींचा पहिला दिवसच वाईट गेलेला असणार. घरात भांडण झाले असेल, रात्री झोप झाली नसेल. काहीही न करता पुन्हा मोजले असते, तरी त्यांचे गुण थोडे खाली आलेच असते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या बाबतीत हेच दाखवले : फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांपेक्षा मध्याच्या जवळ. आपला वर्गातला अनुभव आठवून पाहा. सर्वांत कमी गुण मिळालेल्यांना रागावले की पुढच्या चाचणीत ते सुधारतात. सर्वांत जास्त मिळालेल्यांना शाबासकी दिली की ते घसरतात. यावरून रागावणे हितकारक, असा निष्कर्ष पिढ्यान्‌पिढ्या काढला गेला आहे. यातला बराचसा भाग या मध्याकडे सरकण्याचाच असतो.

म्हणून दुसरा गट लागतो. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना आता शिकवायचे, निम्म्यांना नंतर. (‘अ’ तुकडी एका गटात आणि ‘ब’ दुसऱ्यात, ही सोय शाळेला बरी वाटते, पण तुकड्या कशा पाडल्या जातात हे आपल्याला ठाऊकच आहे.) दोन गटांतील फरक प्रमाण विचलनाच्या निम्म्याइतका असेल, तर पाच टक्क्यांच्या प्रचलित कसोटीवर तो दहापैकी आठ वेळा पकडण्यासाठी प्रत्येक गटात ६४ मुले लागतात. फरक एक पंचमांशच असेल तर प्रत्येक गटात जवळजवळ ४००. पाचातले एक मूल मध्येच सोडून जाईल असे धरले, तर १२८ साठी १६० मुलांपासून सुरुवात करावी लागते.

आणि ही मुले मिळत नाहीत! रुग्णालयात तर हे फारच जाणवते. संशोधन सुरू होण्याआधी ‘असे रुग्ण रोज येतात’ असे सगळे सांगतात. सुरू झाले की ते आटतात. लुई लसान्या या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाच्या नावाने हा ‘नियम’ ओळखला जातो. कोणाला आधीपासूनच औषध चालू असते, कोणी नकार देतो, कोणी गावी निघून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी किमान तीन आणि पुनर्नोंदणी न करता जास्तीत जास्त सहा वर्षे दिली आहेत. त्यातला मोठा भाग असा वाट पाहण्यात जातो.

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. नैराश्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न असा आहे की, मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार मनात येतात का. समजा नववीतल्या मुलीने तिथे ‘जवळजवळ रोज’ यावर खूण केली. संशोधकाच्या दृष्टीने ती तक्त्यातील एक संख्या. गठ्ठा बांधून खोलीवर नेला आणि महिन्याने मोजायला घेतला, तर तो महिना कोणाचा? म्हणून नीतिसमिती आधीच विचारते : उत्तरपत्रिका त्याच दिवशी कोण पाहणार, मुलीशी कोण बोलणार, कोणत्या डॉक्टरांकडे पाठवणार? जिवाला धोका दिसल्यास गुप्तता पाळली जाणार नाही, हे संमतीपत्रातच लिहिलेले असावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही घ्यायची असते. ‘सरांनी सांगितले म्हणून भरले’ ही अनुमती नव्हे.

तेव्हा परवानगी देण्याआधी समितीच्या मंजुरीचे पत्र जरूर मागावे. भरलेल्या प्रश्नावल्या मात्र आपण मागू नयेत. मुलांनी खरे लिहावे असे वाटत असेल तर त्या शिक्षकांच्या टेबलावरून जाऊच नयेत. धोक्याच्या वेळी संशोधकाने शाळेतल्या कोणाला सांगायचे, ती एक व्यक्ती आधी ठरवावी. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फळ्याशेजारी लावून ठेवायला तर कोणाची मंजुरी लागत नाही.

एवढे करून शेवटी दोन गटांत फरक दिसलाच नाही, तर? प्रबंध तरीही पूर्ण होतो. पद्धत नेटकी असेल तर ‘फरक आढळला नाही’ हेही उत्तरच आहे, आणि मौखिक परीक्षेत उमेदवाराला ते ठामपणे मांडता येते. आपल्या शाळेतून माहिती नेलेल्या संशोधकाकडून प्रबंधाचे शीर्षक आणि विद्यापीठाचे नाव लिहून घ्यावे. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर अनेक भारतीय विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात. तिथे तो सापडला, तर निष्कर्षांआधी ‘नमुना निवड’ हे प्रकरण उघडावे. किती मुले आली, किती गळाली आणि का, हे तिथेच दिलेले असते.