कोविड-१९ काळातील सक्तीचे विलगीकरण आणि परदेशी व्यावसायिक प्रवास (पालघर व बोईसर-तारापूर)

कोविड-१९ काळातील सक्तीचे विलगीकरण म्हणजे परदेशातून आलेल्या, संसर्ग झाला असण्याची शक्यता असलेल्या प्रवाशाला ठरावीक दिवस इतरांपासून वेगळे राहण्याचे कायदेशीर बंधन होय. भारतात हे बंधन मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळात वेगवेगळ्या स्वरूपांत लागू होते. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर या औद्योगिक पट्ट्याचा परदेशांशी खरेदी-विक्री, यंत्रसामग्री व गुणवत्ता तपासणी अशा कारणांनी नित्य संबंध येतो. त्यामुळे या नियमांचा परिणाम तेथील उद्योजकांच्या व तंत्रज्ञांच्या परदेशवारीवर आणि तेथे येणाऱ्या परदेशी तज्ज्ञांवर, असा दोन्ही बाजूंनी झाला.

संज्ञा

निरोगी दिसणाऱ्या परंतु संसर्गाच्या संपर्कात आलेल्या व्यक्तीला वेगळे ठेवणे आणि प्रत्यक्ष रुग्णाला वेगळे ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी शासकीय लेखनात पहिल्या प्रकारासाठी 'अलगीकरण' व 'विलगीकरण' हे दोन्ही शब्द वापरले गेले. बोलण्यात मात्र 'क्वारंटाईन' हाच शब्द रूढ झाला. हा शब्द इटालियन भाषेतील 'चाळीस' या संख्येवरून आला आहे. प्लेगच्या काळात व्हेनिस व परिसरातील बंदरांत जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवत असत. कोविड-१९ मध्ये हा कालावधी सामान्यतः १४ दिवसांचा ठरला, कारण विषाणूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ साधारणपणे २ ते १४ दिवसांचा मानला जात होता.

विलगीकरणाचे दोन मुख्य प्रकार होते. गृह विलगीकरणात प्रवाशाने स्वतःच्या घरी वेगळ्या खोलीत राहायचे असे. संस्थात्मक विलगीकरणात त्याला शासनाने ठरवलेल्या केंद्रात किंवा हॉटेलात राहावे लागे. हॉटेलचा खर्च बहुधा प्रवाशाकडेच असे.

कायदेशीर आधार

महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी साथरोग अधिनियम, १८९७ लागू करण्यात आला आणि त्याखाली राज्याचे कोविड-१९ विनियम काढण्यात आले. हा अधिनियम मुळात १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेल्या प्लेगच्या साथीमुळे ब्रिटिश सरकारने केला होता. त्यातील आदेशांचे उल्लंघन भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ नुसार दंडनीय होते. केंद्र सरकारने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चाही आधार घेतला. विमानतळावरील प्रवेशाचे नियम केंद्र सरकार ठरवी. प्रवासी विमानतळाबाहेर पडल्यानंतरची अंमलबजावणी राज्य सरकार, महानगरपालिका व जिल्हाधिकारी यांच्याकडे असे. या विभागणीमुळे केंद्राचा नियम आणि राज्याचा नियम काही वेळा वेगवेगळा राहिला.

बोईसर-तारापूरची पार्श्वभूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. बोईसर हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक असून त्याच्या लगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत आहे. तेथे रसायने, औषधद्रव्ये, कापड व पोलाद या क्षेत्रांतील कारखाने आहेत. १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झालेले तारापूर अणुविद्युत केंद्रही याच परिसरात आहे.

जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ नाही. परदेशातून येणारा प्रवासी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरतो आणि तेथून पश्चिम रेल्वेने, किंवा राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून चिल्हार फाट्यामार्गे बोईसरला येतो. त्यामुळे नियम लागू होण्याचे ठिकाण मुंबई आणि विलगीकरणाचे ठिकाण पालघर, अशी स्थिती गृह विलगीकरणाच्या बाबतीत निर्माण होई. विमानतळ ते घर हा टप्पा नियमांतील सर्वांत कच्चा दुवा ठरला.

नियमांचा घटनाक्रम

पहिला टप्पा (मार्च २०२०): जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे म्हटले. भारताने १३ मार्चपासून बहुतेक व्हिसा स्थगित केले. काही देशांतून येणाऱ्यांना १४ दिवसांचे विलगीकरण सक्तीचे झाले. १८ मार्चपासून त्यात संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान व कुवेत यांची भर पडली. २२ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा बंद झाली आणि ती २७ मार्च २०२२ पर्यंत पूर्ववत झाली नाही.

याच सुमारास महाराष्ट्रात गृह विलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हाताच्या मागील बाजूस निवडणुकीत वापरल्या जाणाऱ्या शाईने शिक्का मारण्यास सुरुवात झाली. १८ मार्च २०२० रोजी मुंबईहून सुरतकडे गरीब रथ एक्सप्रेसने जाणाऱ्या चार प्रवाशांच्या हातांवर असे शिक्के आढळले. जर्मनीहून आलेल्या या प्रवाशांना पालघर स्थानकावर उतरवण्यात आले. विलगीकरणाचा आदेश घरी राहण्याचा होता, परंतु घरापर्यंत सार्वजनिक वाहनाशिवाय कसे पोहोचायचे याची सर्वांसाठी व्यवस्था नव्हती, ही उणीव या घटनेतून दिसून आली. पुढे नियम कडक होत गेले आणि संस्थात्मक विलगीकरणाकडे कल वाढला.

दुसरा टप्पा (मे ते डिसेंबर २०२०): ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' मोहिमेखाली परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणण्यास प्रारंभ झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २४ मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकूण १४ दिवसांपैकी ७ दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरण व त्यानंतर ७ दिवस घरी, अशी पद्धत ठरली. गरोदरपण, कुटुंबातील मृत्यू, गंभीर आजार किंवा सोबत दहा वर्षांखालील मूल असल्यास सवलत होती. व्यावसायिक कामासाठी अशी सवलत नव्हती. ८ ऑगस्ट २०२० पासून प्रवासाआधी ९६ तासांच्या आत केलेल्या आरटी-पीसीआर चाचणीचा नकारात्मक अहवाल असलेल्यांना संस्थात्मक विलगीकरणातून सूट मिळू शकली. जुलै २०२० पासून काही देशांशी 'एअर बबल' करार होऊन मर्यादित विमाने सुरू झाली.

तिसरा टप्पा (डिसेंबर २०२० ते ऑक्टोबर २०२१): ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्यानंतर २१ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने युरोप व मध्यपूर्वेतून येणाऱ्यांसाठी १४ दिवसांचे संस्थात्मक विलगीकरण जाहीर केले. एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत चित्र उलटले आणि इतर देशांनी भारतीय प्रवाशांना दारे बंद केली. ब्रिटनने २३ एप्रिल २०२१ रोजी भारताला 'लाल यादी'त टाकले, संयुक्त अरब अमिरातीने त्याच सुमारास भारतातून येणारी विमाने थांबवली आणि अमेरिकेने ४ मेपासून भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांचा प्रवेश रोखला.

चौथा टप्पा (नोव्हेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२): ओमायक्रॉन प्रकार आढळल्यानंतर महाराष्ट्र शासनाने ३० नोव्हेंबर २०२१ रोजी जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांसाठी ७ दिवसांचे संस्थात्मक विलगीकरण व दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी सक्तीची केली. हा आदेश केंद्राच्या सूचनांशी जुळत नसल्याचे केंद्राने कळवल्यावर दोनच दिवसांत तो बदलण्यात आला. ११ जानेवारी २०२२ पासून परदेशातून येणाऱ्या सर्वांना ७ दिवसांचे गृह विलगीकरण लागू झाले. १४ फेब्रुवारी २०२२ पासून ते रद्द होऊन त्याऐवजी १४ दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याची सूचना आली.

व्यावसायिक प्रवासावरील परिणाम

विलगीकरणाचा नियम दिवसांत मोजला जातो, कामाच्या स्वरूपात नाही. त्यामुळे त्याचा सर्वाधिक फटका लहान मुदतीच्या प्रवासाला बसला. शिक्षणासाठी दोन वर्षे परदेशी जाणाऱ्याला १४ दिवस वेगळे राहणे गैरसोयीचे असले तरी एकूण कालावधीच्या मानाने ते थोडे असते. तीन दिवसांच्या कामासाठी जाणाऱ्याच्या बाबतीत तसे नसते. उदाहरणार्थ, दुबईने जुलै २०२० पासून चाचणीच्या अटीवर पर्यटकांना व पाहुण्यांना प्रवेश दिला होता. तरीही २१ डिसेंबर २०२० चा राज्याचा आदेश अक्षरशः लागू केल्यास तेथील तीन दिवसांच्या भेटीसाठी परतीचे १४ दिवस धरून १७ दिवस लागत. जेथे गंतव्य देशातही १४ दिवस थांबावे लागे, तेथे तीच भेट ३१ दिवसांची होई. म्हणजे प्रवास शक्य आहे की नाही हे दोन देशांच्या नियमांच्या बेरजेवर ठरत असे.

मोठ्या कंपनीला असा कर्मचारी महिनाभर गुंतवून ठेवणे परवडू शकते. जेथे मालक स्वतःच खरेदी, उत्पादन व विक्री पाहतो, अशा लहान कारखान्यात त्याची तेवढी अनुपस्थिती म्हणजे काम थांबणे होय. हॉटेलचा खर्च व चाचण्यांचे शुल्क हा यावरचा वेगळा बोजा होता.

चीनच्या बाबतीत ही अडचण सर्वांत दीर्घ काळ टिकली. भारतीय औषध व रसायन उद्योग अनेक मूलद्रव्यांसाठी चिनी पुरवठादारांवर अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये चीनने भारतातून येणाऱ्या परदेशी नागरिकांचा प्रवेश स्थगित केला, आणि तेथे पोहोचल्यावरचे सक्तीचे विलगीकरण ८ जानेवारी २०२३ रोजीच संपले.

परदेशी तज्ज्ञ व तपासनीस

आयात केलेल्या यंत्राची उभारणी किंवा दुरुस्ती करण्यासाठी अनेकदा उत्पादक कंपनीचा अभियंता यावा लागतो. व्हिसा स्थगितीमुळे हे काम अडले. केंद्रीय गृह मंत्रालयाने जून २०२० मध्ये काही परदेशी व्यावसायिकांना आणि परदेशी बनावटीच्या यंत्रांची उभारणी, दुरुस्ती व देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांना येण्याची मुभा दिली. विलगीकरणाचे नियम मात्र त्यांनाही लागू राहिले.

औषध उद्योगासाठी तपासणीचा प्रश्न अधिक गंभीर होता. अमेरिकेला औषधे निर्यात करणाऱ्या कारखान्याची त्या देशाचे अन्न व औषध प्रशासन पाहणी करते. या संस्थेने १० मार्च २०२० रोजी परदेशांतील बहुतेक पाहण्या पुढे ढकलल्या आणि पुढील काळात कागदपत्रे मागवून दूरस्थ तपासणीचा मार्ग वापरला. दूरदृश्य प्रणालीने नोंदी तपासता येतात, परंतु कारखान्यातील स्वच्छता व प्रत्यक्ष कार्यपद्धती यांची पूर्ण खात्री तिच्याद्वारे होत नाही. तारापूर येथील ल्युपिन कंपनीच्या कारखान्याची या संस्थेकडून प्रत्यक्ष पाहणी मार्च-एप्रिल २०२२ मध्ये झाली. तोपर्यंत भारतातील प्रवेशोत्तर विलगीकरण रद्द झाले होते.

लसीकरण व मान्यतेचा वाद

लस उपलब्ध झाल्यावर विलगीकरणातून सूट मिळण्याचा निकष लसीकरण प्रमाणपत्र हा झाला. भारतात कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर मे २०२१ मध्ये किमान ८४ दिवस करण्यात आले होते. ७ जून २०२१ रोजी केंद्राने शिक्षण, नोकरी व टोकियो ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची परवानगी दिली. व्यापारी भेटीसाठी जाणाऱ्यांचा या यादीत समावेश नव्हता.

ब्रिटनने ४ ऑक्टोबर २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत भारतात लस घेतलेल्यांना लस न घेतलेल्यांप्रमाणे १० दिवसांचे विलगीकरण ठरवले. कोविशिल्ड ही ब्रिटनमध्येच विकसित झालेल्या लसीची भारतीय आवृत्ती असल्याने यावर तीव्र आक्षेप घेण्यात आला. भारताने त्याच दिवसापासून ब्रिटिश नागरिकांवर तसाच नियम लादला. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपला नियम बदलला व भारतानेही लगेच आपला मागे घेतला. भारतात विकसित झालेल्या कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. तोपर्यंत ती घेतलेल्या प्रवाशांना अनेक देशांत लसीकरणाचा लाभ मिळत नव्हता.

मूल्यमापन

विलगीकरणाच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा की लक्षणे दिसण्यापूर्वीच संसर्ग पसरत असल्याने विमानतळावरील तापमान तपासणी पुरेशी नव्हती. बोईसरसारख्या ठिकाणी, जेथे कामगार दाट वस्तीत राहतात व एकाच पाळीत अनेकजण एकत्र काम करतात, एका संसर्गित प्रवाशामुळे होणारे नुकसान कारखान्यापुरते मर्यादित राहिले नसते.

आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला, नियम वारंवार व अल्प सूचनेवर बदलल्याने प्रवासाला निघालेला माणूस परतेपर्यंत त्याच्यावर वेगळाच नियम लागू होण्याची शक्यता राही. दुसरा, विषाणू देशात सर्वत्र पसरल्यानंतर केवळ परदेशी प्रवाशांना वेगळे ठेवण्याचा लाभ कमी होतो. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही सरसकट प्रवासबंदीने ओमायक्रॉनचा प्रसार थांबणार नाही असे म्हटले. तिसरा आक्षेप खर्चाचा आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम, २००५ च्या कलम ४० नुसार तात्पुरता वा कायमचा निवास मागणाऱ्यांचा अपवाद वगळता प्रवाशांकडून विलगीकरणाचे शुल्क घेऊ नये, असे अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात भारतासह अनेक देशांनी हा खर्च प्रवाशांवर टाकला. परिणामी ज्याची ऐपत होती तो प्रवास करू शकला आणि इतरांना थांबावे लागले.

नियमांची समाप्ती

भारतात येण्यापूर्वी भरावयाचा 'एअर सुविधा' स्वयंघोषणा अर्ज २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला. चीनमधील वाढत्या रुग्णसंख्येमुळे १ जानेवारी २०२३ पासून सहा आशियाई ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी चाचणी पुन्हा आवश्यक करण्यात आली होती, परंतु विलगीकरण परत आले नाही. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.