सूक्ष्म कण आणि त्यांचा पृष्ठभाग

रंग, रबर व प्लॅस्टिक यांचा व्यापार करणाऱ्या आमच्या बंधूंकडे अलीकडे ‘नॅनो’ असा शिक्का असलेला माल येऊ लागला आहे. त्याचा भाव चढा असतो. तो भाव नेमका कशाचा, हे समजून घेणे आपणा सर्वांच्या हिताचे आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. वाळूतील मुख्य द्रव्य जे सिलिका, त्याच्या एक ग्रॅमचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ३ चौरस सेंटिमीटर भरेल. त्याचेच २० नॅनोमीटर व्यासाचे कण केले तर तो सुमारे १५० चौरस मीटर होतो! म्हणून अशा मालाचा गुण पुष्कळ अंशी त्याच्या पृष्ठभागावर ठरतो.

१९६८ साली स्टोबर, फिंक व बोन या शास्त्रज्ञांनी मद्यार्क, पाणी व अमोनिया यांच्या मिश्रणात सिलिकॉनचे एक संयुग घालून सिलिकाचे एकसारखे गोल कण बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. अशाच मिश्रणात पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म मणी आधी सोडले, तर सिलिका त्यांच्यावर कवचासारखी बसते. संयुग मात्र थेंबाथेंबाने घालावे लागते. घाई केली तर सिलिकाचे निराळेच कण बनतात.

सिलिकाचे पाण्याशी सख्य, रबराशी नाही. येथे सिलेन नावाचे द्रव्य दलालाचे काम करते. त्याचे एक टोक सिलिकाशी जोडले जाते. दुसरे टोक रबर, राळ वा रंगद्रव्य यांपैकी ज्याच्याशी जमवावयाचे, त्यानुसार निवडतात. हा सलोखा नसेल तर कण रबरात नीट न मिसळता गोळा होऊन बसतात. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९९२ साली बाजारात आणलेल्या टायरांच्या रबरात सिलिका याच तत्त्वावर मिसळली होती. त्यामुळे चाकाचा रोध घटून इंधनाची बचत झाली.

तेव्हा अशा मालाची खरेदी करताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात, असे आम्ही सुचवितो: कणांचा सरासरी व्यास किती व त्यात फरक किती, पृष्ठभागावर कोणते द्रव्य जोडले आहे, आणि कण सुटे आहेत की गुठळ्या झाल्या आहेत. यांची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर केवळ शिक्क्यासाठी अधिक भाव देणे व्यवहारास धरून होणार नाही.