मूळपेशींचे इंजेक्शन : आशा खरी, पुरावा अपुरा

पुरुषाच्या शिश्नात हाड नाही, तरी ते ताठ होते, ही शरीराची एक विलक्षण करामत आहे. मेंदूचा इशारा पोचला की तिथल्या मज्जातंतूंची टोके आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्याने आतले स्नायू सैलावतात, पोकळ्यांत रक्त भरते, रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता टिकते. रक्तवाहिन्यांतील नायट्रिक ऑक्साइडचे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ताठरतेच्या तक्रारीवरची सिल्डेनाफिल ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली.

पण ही गोळी नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाही, फक्त त्याचा परिणाम टिकवते. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि नसा खराब झाल्या असतील किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना नसा दुखावल्या असतील, तर गोळी अनेकदा अपुरी पडते. बिघडलेली ऊतीच दुरुस्त करता येईल का, या प्रश्नातून मूळपेशींचे (स्टेम सेल्सचे) संशोधन सुरू झाले.

सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधकांनी २००४मध्ये नस दुखावलेल्या उंदरांना मूळपेशी टोचण्याचा प्रयोग केला आणि त्यांची ताठरता सुधारली. टोचलेल्या पेशी स्वतःच नवे स्नायू आणि नसा बनतील, असे सुरुवातीला वाटत होते. पुढच्या प्रयोगांतून दिसले, की त्यांतल्या फारच थोड्या तिथे टिकतात. मात्र टिकतात तेवढ्या काळात त्या वाढीला चालना देणारी प्रथिने सोडतात आणि शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीला जोर येतो. या संशोधनातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच.

माणसांवरचे प्रयोग मात्र अजून लहान आहेत. दक्षिण कोरियात २०१०मध्ये मधुमेह असलेल्या सात पुरुषांना नाळेच्या रक्तातील मूळपेशी टोचल्या. बहुतेकांना सकाळची ताठरता पुन्हा जाणवू लागली, पण केवळ त्या बळावर संभोग शक्य झाला नाही. फ्रान्समध्ये क्रेतेय येथे प्रोस्टेट काढलेल्या १२ रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी दिल्या. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे अशाच १७ रुग्णांना पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दिल्या. सहा महिन्यांनी त्यांपैकी आठ जणांना संभोग जमू लागला. गंभीर दुष्परिणाम या प्रयोगांत दिसले नाहीत.

तरीही हा उपचार सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. डेन्मार्कच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शस्त्रक्रियेनंतर नसा आपोआप सावरायलाही दोन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो आणि ताठरतेच्या तक्रारीत नुसत्या विश्वासानेही पुष्कळ फरक पडतो. शिवाय क्वचित होणारा अपाय डझनभर रुग्णांत दिसेलच असे नाही. २०१८मध्ये अमेरिकेत सांधे आणि पाठीच्या दुखण्यासाठी नाळरक्तापासून बनवलेली, मान्यता नसलेली इंजेक्शने घेतलेल्या १२ जणांना जंतुसंसर्ग झाल्याची नोंद आहे. पेशी कशा तयार केल्या आणि साठवल्या, यावर रुग्णाची सुरक्षितता किती अवलंबून असते, ते यावरून कळते.

म्हणूनच अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८च्या मार्गदर्शिकेत हा उपचार प्रायोगिक मानला आहे. भारतातही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांपलीकडे मूळपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ताठरतेच्या तक्रारीबद्दल घरातही बोलण्याची सोय नसलेला पुरुष जाहिरातीला सहज भुलतो. त्याची ही कोंडी ओळखून त्याला खरी माहिती देणे, हे डॉक्टरांचे आणि आपल्या सर्वांचे काम आहे.

कोणी हे इंजेक्शन सुचवले, तर चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि नीतिसमितीची मंजुरी मागावी. फी मागितली, तर सरळ नकार द्यावा. हा उपचार सिद्ध होईपर्यंत युरॉलॉजिस्टकडे जावे: गोळ्या, व्हॅक्युम पंप, औषधाची इंजेक्शने आणि इम्प्लांट हे परखलेले मार्ग आज उपलब्ध आहेत. साखर, रक्तदाब आणि हृदयही तपासून घ्यावे, कारण शिश्नाच्या बारीक धमन्यांतला बिघाड ही पुष्कळदा हृदयविकाराची आगाऊ सूचना असते.